रंग काढते म्हणालीस

पार्से,
१५ जून

शीतल बाये,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही. पाकीट बघून घाबरू नकोस, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. पत्र अशासाठी, की फोनवर तू मला "हो आई" आणि "बरं आई" याच्यापलीकडे काही देत नाहीस. जेवलीस काय विचारलं तर हो आई. पुण्याला उकाडा आहे काय विचारलं तर बरं आई. परवा मी म्हटलं, आमचा कुत्रा कालपासून मराठी बोलायला लागलाय, तरी तू "बरं आई". तेव्हा मी हात टेकले. पत्र निदान फोडावं तरी लागतं.

मे महिन्यात तू ज्या सकाळी निघून गेलीस, त्या सकाळबद्दल मी काहीही लिहिणार नाही. ते तुझं आणि तुझ्या सासऱ्यांचं. मी सासू आहे, पंच नव्हे.

बातमी अशी, की मी शाळेत जायला लागले. हसलीस तर हस, मला दिसणार नाही. पेडण्याला वाचनालयात दर शनिवारी दुपारी कलेच्या इतिहासाचा वर्ग सुरू झालाय. संदीप सर म्हणून कोल्हापूरकडचे तरुण मास्तर आहेत, ते पडद्यावर चित्रं दाखवतात आणि समजावून सांगतात. फी नाही, परीक्षा नाही. शेजारची चंद्रावती म्हणाली, "चल गो, नायतरी दुपारी नुसती लोळतलंस." म्हणून गेले. दुसरं काही कारण नाही.

पहिल्या दिवशी गुहेतली चित्रं. माणसानं शेती करायच्या कितीतरी आधी चित्रं काढली, असं सर म्हणाले. चंद्रावतीनं लगेच विचारलं, मग जेवायचं काय करायचे. सर म्हणाले, शिकार. ती म्हणाली, "म्हणजे पुरुष शिकारीवर आणि बायका मागे चित्रं काढत बसलेल्या, असंच ना?" सरांनी गुहेचं चित्र पुन्हा पडद्यावर आणलं. नंतर म्हणाले, असंही असेल, काही गुहांत हातांचे ठसे बायकांच्या मापाचे आहेत. चंद्रावती आता वर्गात पहिल्या बाकावर बसते.

आणि हे तुला माहीत असणारच, पण मला नव्हतं. आपल्याच गोव्यात उसगाळीमळला नदीकाठच्या दगडावर हजारो वर्षांपूर्वीचे बैल कोरलेले आहेत. मी साठी ओलांडली, आणि हे मला कोल्हापूरच्या माणसानं सांगावं. मला राग आला. कोणाचा ते कळलं नाही.

तुझे बाबा मला स्कूटरवरून सोडतात आणि वर्ग सुटेपर्यंत बाहेरच्या बाकावर पेपर वाचतात. मी म्हटलं, घरी जाऊन या. तर म्हणाले, "पेट्रोल काय फुकट मेळता?" पेपर मात्र आदल्या दिवसाचा होता.

कोकमाची सोलं वाळवून ठेवलीत, माझ्या लेकाला, गौरेशला पाठवून देते. तुला नाही, गौरेशला. तू काढून घे.

आई


पार्से,
१३ जुलै

शीतल,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. मी काही उत्तरासाठी लिहीत नाही. म्हणजे, लिहिते, पण ते जाऊ दे.

पावसामुळे बाहेरचा बाक भिजतो, म्हणून तुझे बाबा आता आत येऊन शेवटच्या रांगेत बसतात. नाव घातलेलं नाही. फक्त बसतात. मागच्या शनिवारी सरांनी फळ्यावर रस्ता काढला, दोन्ही बाजूंना झाडं काढली आणि म्हणाले, लांब जाताना सगळ्या रेषा एका बिंदूत मिळतात, युरोपातल्या चित्रकारांनी याचं गणित बसवलं आणि सपाट भिंतीत खोली दिसायला लागली. हे गप्प बसतील तर शपथ. वीजखात्यात जन्म घालवलेला माणूस. मागून म्हणाले, "सर, खांब एकमेकांक मेळले तर शॉर्ट जाता." सगळा वर्ग हसला, सरही हसले. मी मान वर केली नाही.

पण येताना धारगळच्या हमरस्त्यावर त्यांनी पावसात स्कूटर थांबवली. म्हटलं पंक्चर. तर हात लांब करून खांबांची रांग दाखवायला लागले. "बघ, थंय तो बिंदू. इतकी वर्षां त्या खांबांर चडलंय, कधी बघूक नाय." दोघंही चिंब झालो. मला सर्दी झाली ती त्या बिंदूमुळे.

काल भित्तिचित्रं. तुझा विषय. ओल्या गिलाव्यावर रंग लावला की तो भिंतीचाच होऊन जातो, आणि सुकल्या भिंतीवर लावला तर वर बसून राहतो, पाहुण्यासारखा. इटलीतले ओल्यावर काढायचे, आपले अजिंठ्याचे सुकल्यावर. मग सर म्हणाले, तुमच्या पेडण्याकडं, डिचोलीकडं देवळांत कावेची, तांबड्या मातीची, चित्रं असतात, तुम्ही पाहिली असतीलच. मी वहीत बघायला लागले आणि हे खिडकीबाहेर.

लिहिणार नाही म्हटलं होतं, पण आता पेन थांबत नाही. आमच्या बाजूनं काय झालं ते एकदा ऐक, मग राग धर.

गेल्या चतुर्थीला तू देवळाच्या अग्रशाळेत, भाविक उतरतात त्या ओवरीत, खिडकीच्या चौकटीजवळ चुन्याचा पोपडा बघितलास. खाली तांबडी रेघ होती. ह्या भिंतीत जुनं काहीतरी आहे, असं म्हणून तू लहान मुलीसारखी नाचलीस. तेवढंच आम्हाला कळलं, की भिंत जुनी आहे आणि तुझा तिच्यावर जीव बसला. मग एप्रिलात तुझा फोन आला: "बाबा, मी मे महिन्यात येते आणि त्या भिंतीचा रंग काढते. समितीला सांगून ठेवा." हे देवस्थान समितीचे चिटणीस. फोन ठेवला तेव्हा चेहरा असा, की जणू यांचंच लग्न ठरलं.

मग म्हणाले, "सून पुण्याहून येतली आणि शिडयेर चडान रंग काढतली? आनी आमी खुर्चेर बसान बघतले? लोक शेण घालतले तोंडात." लगेच भिकाजी रंगाऱ्याला बोलावणं. साधा चुना नको, ऑइल पेंट, पुसला तरी जाणार नाही असा. पिस्ता रंग, कारण तुझी ती आवडती साडी त्याच रंगाची. दोन हात दिले. कोपऱ्यात तांबड्या अक्षरात "सौ. शीतल गौरेश परब यांच्या इच्छेने." समितीला नारळ घेऊन उभं केलं. तुझ्या हातानं फोडायचा होता.

तू आलीस. भिंतीवर तळहात टेकलास. आणि सगळ्यांच्या देखत म्हणालीस, "बाबा, हे तुम्ही मुद्दाम केलंत." दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा न घेता धारगळहून बस धरलीस.

शीतल, तुझ्या मनातलं केलं, तुझं नाव घातलं, त्यावर तू अशी का चिडलीस ते आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. गौरेशला विचारलं तर तो म्हणतो, मला मध्ये घेऊ नका. हे म्हणतात, पिस्ता रंग आवडला नसेल. मी म्हणते, रंगावरून कोणी घर सोडत नाही. मग काय ते तू सांग.

आई


पार्से,
३ ऑगस्ट

शीतल बाये,

हे पत्र बसून वाच.

सर मागच्या शनिवारी म्हणाले होते, पुढच्या वर्गात आपण एका जुन्या फळीवरचा रंग काढणार आहोत, जुने कपडे घालून या. आम्ही खूश. इतके दिवस नुसतं बघत होतो, आता हाताला काम. काल मी ब्रश घेऊन गेले. हे दोन ब्रश आणि टर्पेंटाईन घेऊन. चंद्रावती तर मुलाचा फाटका शर्ट अंगावर चढवून, रोलर आणि गेटचा उरलेला निळ्या रंगाचा डबा घेऊन आली. सगळा वर्ग तसाच, रंगाऱ्यांच्या संपासारखा.

सर आले ते कापसाचा गठ्ठा, स्पिरिटची बाटली आणि एक लहान पातं घेऊन. आमच्याकडे बघतच राहिले.

"हे रंग कशाला आणलेत?"

"रंग काढूक, सर," चंद्रावती म्हणाली.

"हो, पण रंग काढायला रंग कशाला?"

"मग काय पाण्यान काढूचो?"

"पाण्यानं निघणार नाही, स्पिरिट लागेल."

"स्पिरिट घालून पातळ होईत, सर. टिकूचो नाय."

असं बराच वेळ. शेवटी सरांनी कपाळावर हात मारला. "तुमच्याकडं रंग काढणं म्हणजे रंग लावणं?"

"मग तुमच्याकडे काय?"

"आमच्याकडं काढणं म्हणजे काढून टाकणं."

वर्ग हसून लोळला. चंद्रावतीच्या डोळ्यांतून पाणी. मला हसता येईना. मागे वळून बघितलं. तुझे बाबा सरांच्या हातातल्या कापसाकडे बघत उभे होते. त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

शीतल, तू रंग उतरवायला येणार होतीस. आणि आम्ही चढवून ठेवला.

तू इथली नव्हेस, तुला कुठून माहीत असणार. आमच्याकडे चतुर्थी आली की घराला चुना काढतात, दरवाजांना रंग काढतात, आणि कोणाला वाटत नाही की घर सोलून काढलं. हाच शब्द जन्मभर वापरला, त्याला दुसरं तोंड आहे हे कधी दिसलंच नाही. आणि तुला वाटलं असणार, एवढं स्पष्ट सांगितलं, समितीला सांगून ठेवा म्हटलं, तरी ह्या माणसानं नेमकं उलट केलं आणि वर माझं नाव घालून माझी थट्टा केली. तुझ्या जागी मी असते तर बसची वाट न बघता चालत सुटले असते.

बाकी वर्ग कसा झाला ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की सर शेवटी कावेबद्दल बोलले. भिंतीला पांढऱ्या चुन्याचा गिलावा, त्यावर तांबड्या कावेचा थर, आणि तो ओला असतानाच लोखंडी टोकानं काव खरवडायची, म्हणजे खालचा पांढरा दिसतो. म्हणाले, "कावेत रंग काढूनच चित्र काढतात. इथं तुमचं काढणं आणि आमचं काढणं एकच." सगळे पुन्हा हसले. हे उठून बाहेर गेले.

येताना धारगळला थांबलो नाही.

आई


पार्से,
९ ऑगस्ट

शीतल,

आज वर्गाला गेलो नाही. हे म्हणाले, पाठ दुखते. यांची पाठ मला माहीत आहे, ती सोयीप्रमाणे दुखते.

आठवडाभर यांचं जेवणात लक्ष नाही. सुंगटाचं, यांच्या आवडीच्या कोळंबीचं, कालवण पुढे ठेवलं तर नुसतं चिवडलं. काल मी चिडले. म्हटलं, एवढं काय झालं, उचला फोन, सांगा तिला शब्दाचा घोटाळा झाला म्हणून. त्यावर जे म्हणाले ते तुला लिहू नको असं त्यांनी मला बजावलंय. मी लिहिते. त्यातलं 'तां' म्हणजे तूच, आमच्याकडे लाडक्या लेकीसुनेला तसंच म्हणतात.

म्हणाले, "भिंतीचां सोड गो. भिंत चुकली. पण तां माका 'मुद्दाम' म्हणालां. चार लोकांत. तेचां नाव भिंतीर घालून घेतलंय तेव्हा माझी छाती कशी फुगली होती, तुका म्हायत आसा. मी तेचां वायट करीन, असां तेका वाटलांच कसां?" आणि डोळ्यांवर पंचा घेतला. लग्न झाल्यापासून यांना मी दोनदाच रडताना बघितलंय, एकदा यांची आई गेली तेव्हा.

आता तुझी पाळी. मी तुझ्यावर रागावणार आहे आणि तू ऐकून घ्यायचंस. तू एकदा विचारायला हवं होतंस. "बाबा, का केलंत?" एवढंच. कोर्टातसुद्धा आधी विचारतात. भिंतीवरचा एक पोपडा पाडायचा तर तू दहा वेळा बघतेस, भिंग लावतेस, फोटो काढतेस. माणसाच्या बाबतीत एका दमात ठरवून मोकळी झालीस.

असं का ठरवलंस तेही मला ठाऊक आहे. गेल्या चतुर्थीला जेवताना हे म्हणाले होते, भिंती खरवडून पोट भरतं काय. मी तेव्हाच त्यांना टेबलाखालून चिमटा काढला होता. तू हसलीस, पण ते हसणं ओठांवरचं होतं. मी बघितलं होतं.

आणि मी वर्गाला का जाते, तेही आता सांगून टाकते. चंद्रावतीनं ओढून नेलं हे खोटं. मीच तिला ओढलं. तू घरात येऊन भिंती, गिलावे, थर असलं काही बोलायला लागलीस की मी तुला आणखी एक पोळी वाढायचे. माझ्याकडे तुझ्याशी बोलायला जेवणाशिवाय शब्दच नव्हता. तू गेलीस त्या सकाळी वाटलं, हिला थांबवायला दोन वाक्यं हवी होती, आणि ती मला येत नव्हती. मला तू हवी आहेस, बाये. घरात, स्वयंपाकघरात, शिडीवर, कुठेही. त्यासाठी मी तुमचा सगळा युरोप पाठ करीन.

हे पत्र यांना दाखवणार नाही.

आई


पार्से,
७ सप्टेंबर

शीतल,

चतुर्थी झाली. गौरेश एकटा आला, गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधली, पातोळ्या खाल्ल्या, आरतीला बेसूर ओरडला आणि गेला. तुझ्याबद्दल मी विचारलं नाही. जाताना तोच म्हणाला, "ती तुझी पत्रं दोनदा वाचते." मी म्हटलं, अक्षर वाईट आहे माझं, दोनदा वाचावंच लागतं. मग आत जाऊन थोडी रडले. देवासमोर नाही, फ्रीजमागे.

आता भिंत. पावसात तिला फोड आलेत. सर म्हणतात, चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते, ऑइल पेंटनं तिचं तोंड बंद होतं, मग ओल रंगाला ढकलते. तू हेच म्हणाली असतीस, आम्ही विचारलं असतं तर. गेल्या रविवारी मधला एक मोठा फोड फुटून खाली पडला. हे तिथेच होते. पोपडा उचलून उलटा केला, तर मागच्या बाजूला तांबडी नक्षी. वर पिस्ता, खाली काव, भिंतीची काव रंगाबरोबर निघून आलेली. रुमालात गुंडाळून घरी आणला. टेबलावर रुमाल सोडला तेव्हा नुसता भुगा होता. रुमाल अजून धुवायला दिलेला नाही, मीही मागितला नाही.

समितीला मात्र फोड दिसले आणि त्यांनी ठरवलं, आता सरळ टाइल्स लावू, जत्रेच्या आधी. सागर म्हणून नवा खजिनदार आहे, त्याच्या ओळखीत माल आहे. टाइल्स लावल्या असत्या तर संपलंच होतं. बैठकीत हे उठले आणि म्हणाले, "चिटणीस म्हणून मी सही करूचंय नाय." कारण विचारलं. म्हणाले, पाठ दुखते. दोन तास वाद. सागर म्हणाला, काका, रंग तुम्हीच काढून घेतलात ना, मग आता टाइल्सच का नकोत. चुकलो म्हणायला यांची जीभ वळत नाही, सासूबाई सांगायच्या की पाळण्यात असल्यापासून वळत नाही. पण सही केली नाही. टाइल्स जत्रेपर्यंत तरी टळल्या. त्यानंतर माझ्या हातात काही नाही, यांच्याही नाही.

वर्ग चालू आहे. काल एक गंमत कळली. फ्रान्समध्ये काही चित्रकारांची चित्रं बघून कोणीतरी टोमणा मारला, हे तर नुसते मनावरचे ठसे आहेत, चित्रं कुठली. त्या लोकांनी तो टोमणाच नाव म्हणून घेतला आणि मिरवला. चंद्रावती म्हणाली, चांगले लोक, आमच्या गावात असते तर पंधरा वर्षं बोलले नसते. हे मागून म्हणाले, "शीतल असतां तर तेका विचारलां असतां ते ठसे कसले ते." वर्गात. सगळ्यांच्या देखत. तुझं नाव मे महिन्यानंतर पहिल्यांदा यांच्या तोंडून ऐकलं.

आई


पार्से,
१९ ऑक्टोबर

शीतल बाई,

होय, बाई. आज मी तुझ्यावर फुगलेली आहे.

एवढी पत्रं मी लिहिली. सर्दी मी काढली. युरोप मी पाठ केला. आणि काल संध्याकाळी फोन करायची वेळ आली तेव्हा तू केलास यांना. माझा फोन तिथेच टेबलावर होता, मी त्याच्याकडे बघत होते, तो गप्प.

मी दिवाळीच्या पोह्यांची, आमच्या फोवांची, तयारी करत होते. यांनी स्क्रीनवर नाव बघितलं आणि फोन असा धरला, की जणू त्यातून करंट येतोय. मग बाहेर गेले. आधी अंगणात, मग माडाखाली, मग पार विहिरीपर्यंत. मी खिडकीतून बघत होते. बराच वेळ नुसते ऐकत होते. मग काहीतरी बोलले, हात हलवून. मग विहिरीच्या कठड्यावर बसले. कढईतले फोव करपले तरी मी खिडकी सोडली नाही.

आत आले आणि म्हणाले, "नाताळाच्या सुट्टेत येता. पंधरा दिवस. वांगडा तेचे पुण्याचे सरय येतले, भिंत बघूक." मी म्हटलं, आणि काय म्हणाली? म्हणाले, "तां आमचां दोघांचां." आणि अंघोळीला गेले. संध्याकाळी, दुसऱ्यांदा.

मी विचारणार नाही. तूही सांगू नकोस. पण एक कळू दे, की मला इतका आनंद झाला की करपलेले फोव मी तसेच दोघांना वाढले आणि यांनी चांगले झालेत म्हणून मागून घेतले.

येताना लोकरीचं काही आणू नकोस, इथे थंडी पडत नाही. शिडी आहे. कापूस पेडण्याला मिळतो.

तुझी (अजून थोडी फुगलेली)
आई


पार्से,
१८ जानेवारी

शीतल बाये,

घर रिकामं वाटतंय. पंधरा दिवसांत तू स्वयंपाकघरात एकदाही शिरली नाहीस आणि मला तुझी इतकी सवय झाली, हे कसं काय ते मला कळत नाही. सकाळी पोदेराचा, पाववाल्याचा, भोंपू वाजला की मी अजून तुझ्या वाटणीचे दोन उंडे जास्त घेते, ते हे खातात.

तू इथे होतीस तेव्हाचं तुला काय सांगू, सगळं तुझ्यासमोरच झालं. आधी स्वतःच्या नावाचा कोपरा साफ केलास, हे नको नको म्हणत असताना. मग यांच्या हातात कापूस दिलास आणि शिकवलंस, घासायचं नाही, टेकवायचा, थांबायचं, उचलायचा. खांबावर चढणारा माणूस, कधी धीर धरायची सवय नाही, तो दिवसभर त्या भिंतीसमोर टेकवत आणि उचलत बसला. मोरांची रांग निघाली. मधल्या मोराला डोकं नव्हतं. पावसात जो फोड पडला होता, तो नेमका तिथला.

एकच गोष्ट तुला दिसली नाही, कारण तू शिडीवर होतीस आणि भिंतीकडे तोंड होतं. तुझ्या पुण्याच्या सरांनी म्हटलं, ही जागा गेली. तेव्हा हे दोन पावलं मागे सरले आणि खांबाला टेकून उभे राहिले. सागर म्हणाला, "भिकाजीक सांगया, तो मोराक डोकां काढून देयत." तू वरून म्हणालीस, नाही, गेलेलं ते गेलेलंच दिसायला हवं, तिथे साधा चुना राहील. ते तुझं शास्त्र. पण यांचा चेहरा मी बघितला. डोकं परत काढून मिळेल, झाकून जाईल, अशी आशा त्यांना त्या क्षणापर्यंत होती. मग त्यांनी मान हलवली.

त्यानंतर तू गेलीस, बाकीची भिंत मार्चमध्ये करणार म्हणून. टाइल्सचं नाव आता कोणी काढत नाही, सागर स्वतः लोकांना मोर दाखवतो.

काल जत्रा झाली. मी ओटीचं ताट घेऊन अग्रशाळेतून चालले होते. डिचोलीकडचं एक कुटुंब मोर बघत उभं होतं. त्यांच्यातली बाई मधल्या मोरासमोर थांबली आणि म्हणाली, "अरे देवा, एवढा बरा मोर, कोणी हो नासला हा?"

हे कोपऱ्यात बाकावर बसले होते. कोणी त्यांना विचारलं नव्हतं. उठले, पुढे आले आणि म्हणाले, "मी. सुनेच्या मायेन."

बाईला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. ती हसली. हे हसले नाहीत. तिला हात धरून बाजूच्या मोराकडे घेऊन गेले आणि समजावून सांगायला लागले, काव कशी लावतात, ओली असताना कशी खरवडतात, आणि आपण काय लावलं, आणि त्यानं काय झालं. सगळं, शेवटपर्यंत. मी ताट घेऊन खांबामागे उभी होते.

ते सगळं हे तुला स्वतः कधीच सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिलं.

तुझी,
आई